पावणेदोन घोड्यांचा हिशेब

ॲम्बॅसिडर चांगली की फियाट, हा वाद महाराष्ट्रात चाळीस वर्षे चालला आणि अनिर्णित राहिला. एक तर तो बहुधा सपाट जागी आणि गाडी उभी असताना होई. दुसरे म्हणजे वाद घालणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांकडे दोन्हींपैकी एकही गाडी नसे. पैसे भरून नंबर लागण्याची वाट पाहणारी ही मंडळी, त्यांना वादाला वेळ भरपूर होता. पालघर जिल्ह्यातल्या जव्हार आणि मोखाडा या डोंगरी तालुक्यांत नेऊन हा वाद लावला, तर तो निकालात निघतो. मात्र तो निकाल दोन्ही बाजूंपैकी कोणालाच आवडणारा नाही.

दोघींचे मूळ परदेशी. हिंदुस्तान मोटर्सने मॉरिस ऑक्सफर्डच्या तिसऱ्या मालिकेवरून घडवलेली ॲम्बॅसिडर कोलकात्याजवळच्या उत्तरपाड्याहून १९५७ मध्ये बाहेर पडली. वालचंद हिराचंदांनी १९४४ साली स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने कुर्ल्याच्या कारखान्यात १९६४ पासून फियाट ११००डी बनवली. इटलीशी करार संपल्यावर १९७३ मध्ये तिचे नाव प्रेसिडेंट झाले आणि वर्षभरात ते बदलून पद्मिनी ठेवले गेले. लोकांनी दोन्ही नावे ऐकून घेतली आणि तिला शेवटपर्यंत फियाटच म्हटले. तिच्या आधीच्या फुगीर नाकाच्या मॉडेलला तर ‘डुक्कर फियाट’ म्हणत, आणि ते मालकही अभिमानाने सांगत. म्हणून पुढेही तिला फियाटच म्हणणे सोयीचे.

दोन्ही कारखाने सपाटीवर होते, एक हुगळीच्या काठी आणि दुसरा मिठीच्या. माहितीपत्रकातले आकडे अशा जागी जन्मले. जव्हार समुद्रसपाटीपासून सुमारे ४४७ मीटर उंचीवर आहे. तिथे विक्रमगडकडून या, डहाणू-कासाकडून या किंवा त्र्यंबकहून तोरंगण घाटाने मोखाड्यावरून या, गिअर खाली आणल्याशिवाय आत प्रवेश नाही.

ॲम्बॅसिडरची आणि जव्हारची पत्रिका तशी कधी जुळली नाही. मुकणे घराण्याचे संस्थान १९४८ साली विलीन झाले आणि गाडी त्यानंतर नऊ वर्षांनी आली, त्यामुळे गादीवरच्या राजाला ती लाभली नाही. गाडीचे उत्पादन मे २०१४ मध्ये थांबले आणि पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी अस्तित्वात आला, त्यामुळे नव्या जिल्ह्याच्या कलेक्टरांनाही ती नवी कोरी मिळण्याचा प्रश्न उरला नाही. मधल्या सगळ्या काळात जव्हार-मोखाडा ठाणे जिल्ह्यात होते. पांढऱ्या ॲम्बॅसिडरचे इथले मुख्य काम साहेबांना मीटिंगसाठी ठाण्याला नेणे आणि अंधार पडायच्या आत घाट चढवून परत आणणे एवढेच होते. फियाटचा सरकारशी असा घरोबा नव्हता. ती डॉक्टरची, व्यापाऱ्याची, आणि काळा-पिवळा रंग चढला की मुंबईच्या टॅक्सीवाल्याची.

आता आकडे. फियाटचे इंजिन १०८९ सीसीचे, शक्ती सुमारे ४० घोड्यांची आणि वजन ८९५ किलोच्या आसपास. ॲम्बॅसिडरचे इंजिन, तिच्या आयुष्यातला सर्वात मोठा काळ, १४८९ सीसीचे. त्याची शक्ती सुमारे ५० घोड्यांची आणि गाडीचे वजन ११०० किलो. ‘आमची पन्नास घोड्यांची’ असे ॲम्बॅसिडरवाला सांगे तेव्हा फियाटवाला ‘पण वजन बघा’ म्हणे, आणि दोघेही बरोबर होते. भागाकार केला तर टनामागे फियाटला पंचेचाळीसच्या जरा आत घोडे पडतात आणि ॲम्बॅसिडरला पंचेचाळीसच्या जरा वर. चाळीस वर्षांच्या वादाचे उत्तर अर्ध्या-पाऊण घोड्याचे निघते. हा भागाकार तेव्हा कोणी केला नाही हे बरेच झाले, नाहीतर कित्येक दिवाणखान्यांत बोलायला विषय उरला नसता.

शून्यापासून ताशी शंभर किलोमीटरचा वेग गाठायला किती सेकंद लागतात, हे मोटारींच्या तुलनेतले आवडते परिमाण. या दोन्ही गाड्यांना त्यासाठी अर्धा मिनिट किंवा त्याहून जास्त वेळ हवा, आणि तेवढ्या वेळात गाडी अर्धा किलोमीटर तरी पुढे जाते. म्हणजे परीक्षेसाठी अर्धा किलोमीटर सरळ, मोकळा रस्ता लागतो. जव्हार ते मोखाडा या पंचविसेक किलोमीटरच्या वाटेवर वळण संपून सरळ रस्ता लागला म्हणावे तोवर पुढचे वळण येते. ते आले नाही तर शेळ्या येतात, आणि शेळ्या नसतील तर जव्हार आगाराची एसटी असते. कमाल वेगाचेही तेच. कागदावर दोन्ही गाड्या ताशी ११० किलोमीटरच्या वर जात. घाटात दोघींचा कमाल वेग एकच, पुढच्या एसटीचा.

उंचीचा परिणाम घोड्यांवरही होतो. समुद्रसपाटीपेक्षा जव्हारच्या उंचीवर हवा सुमारे चार टक्क्यांनी विरळ असते. कार्ब्युरेटरचे इंजिन हवा जशी मिळेल तशी ओढते, त्यामुळे शक्तीही साधारण तेवढीच घटते. फियाटचे पावणेदोन घोडे वाटेत उतरतात. ॲम्बॅसिडरचे दोन उतरतात, आणि ती मोठ्या घरची असल्यामुळे तिला ते जाणवत नाहीत. गाडी भरलेली असताना पावणेदोन घोडे म्हणजे किती, हे शेवटच्या वळणावर दुसऱ्यावरून पहिला गिअर टाकणाऱ्याला विचारावे.

चढाचा खरा फरक इंजिनाच्या घडणीत आहे. ॲम्बॅसिडरचा पिस्टन ७३ मिलिमीटर रुंदीच्या सिलिंडरमध्ये ८९ मिलिमीटर खालीवर होतो, तर फियाटचा ६८ मिलिमीटरमध्ये ७५. लांब दांडीमुळे ॲम्बॅसिडर कमी फेऱ्यांवर ओढते. ती घुरघुरत, नाराजी दाखवत, पण ओढते. फियाटला ओढायला लावायचे तर फेऱ्या वाढवाव्या लागतात. फेऱ्या वाढल्या की आवाज वाढतो, आणि आवाज वाढला की मागच्या सीटवरचा माणूस ‘गाडी पळतेय’ असे समाधान मानतो. घाटात दोघी एकाच वेळी वर पोहोचतात. फियाटमधली माणसे मात्र लवकर पोहोचल्यासारखी उतरतात.

चढायला पेट्रोल किती लागते, याचा हिशेब शाळेच्या पुस्तकातला आहे. पाच माणसांसह फियाट सव्वाबाराशे किलोच्या आसपास भरते. एवढे वजन ४४७ मीटर उचलायला लागणारी ऊर्जा, पेट्रोलमधल्या उष्णतेचा पाचवा हिस्सा चाकांपर्यंत पोहोचतो असे धरले, तर पाऊण लिटरहून थोड्या जास्त पेट्रोलमधून मिळते. हे नुसत्या उंचीचे, रस्त्याचे वेगळे. ॲम्बॅसिडरमध्ये पाच माणसे बसवण्याची पद्धत या भागात कधीच नव्हती. नऊ धरली तर तिला लिटरभराहून थोडे जास्त लागते. माणशी वाटणी केली की फियाटला दीडशे मिलिलिटरच्या वर पडतात आणि ॲम्बॅसिडरला सव्वाशे. गाडी जितकी कोंबाल तितकी किफायतशीर, या सिद्धान्ताला असा शास्त्रीय आधार आहे. फक्त पोलिसांना तो पटवणे अवघड जाते.

कोंबण्याची सोय मुळातूनच होती. दोन्ही गाड्यांत पुढची सीट सलग बाकासारखी आणि गिअरचा दांडा स्टिअरिंगच्या दांड्याला, त्यामुळे पुढे ड्रायव्हरखेरीज दोघे बसत आणि कोणाचा गुडघा गिअरच्या आड येत नसे. ॲम्बॅसिडरची रुंदी १६६ सेंटिमीटर, फियाटची १४६. हा वीस सेंटिमीटरचा फरक मुंबईत ऐसपैसपणा म्हणून मोजत. मोखाड्यात तो पुढे एक आणि मागे एक अशी दोन माणसे म्हणून मोजला जाई. १९९२ मध्ये ॲम्बॅसिडरला इसुझूचे १८१७ सीसीचे, सुमारे ७५ घोड्यांचे इंजिन मिळाले. त्याबरोबर पाच गिअरचा खालचा दांडा आला आणि पुढे दोन सुट्या सीटही आल्या. पंचवीस घोडे वाढले आणि एक माणूस कमी झाला. हा सौदा ज्याने ठरवला त्याने प्रवासी भाडे कधी केले नसावे.

चढाचा दुसरा परिणाम म्हणजे उष्णता. एप्रिल-मेमध्ये भर दुपारी चढणाऱ्या पेट्रोल गाडीत दोन गोष्टी होतात. रेडिएटरचे पाणी उकळते, आणि इंजिनला चिकटलेल्या छोट्या पंपात पेट्रोलची वाफ होऊन कार्ब्युरेटरला पेट्रोल पोहोचेनासे होते. गाडी आचके देते आणि थांबते. यावरचा इलाज दोन्ही गाड्यांना सारखाच, आणि तो माहितीपत्रकात नाही. बॉनेट उघडायचे. फडके ओले करून पंपावर गुंडाळायचे. दुसरे फडके रेडिएटरच्या झाकणावर ठेवून झाकण अर्धा आटा फिरवायचे, मान मागे घ्यायची आणि फुस्स होऊन वाफ निघेपर्यंत थांबायचे. घाईने पुरता आटा फिरवणाऱ्याचा हात भाजलेला असतो. त्यावरून नवशिका ड्रायव्हर ओळखता येतो. मग इंजिन सुरू ठेवून हळूहळू पाणी ओतायचे. तोवर माणसे उतरून सावलीला बसलेली असतात, आणि त्यांतला एकजण, ज्याची स्वतःची गाडी नाही असा, ‘दुसरी असती तर गरम झाली नसती’ असे सांगत असतो.

पाणी कुठून आणायचे, हा पुढचा प्रश्न. मुंबईला पाणी पुरवणारे मध्य वैतरणा धरण मोखाडा तालुक्यात आहे. त्याच तालुक्यातल्या पाड्यांवर उन्हाळ्यात टँकर येतात. पाऊस इथे मुबलक पडतो, पण तो डोंगरावर थांबत नाही. तेव्हा मुंबईची फियाट मोखाड्याच्या वळणावर तापून उभी राहते आणि पाणी मागते, यात स्थानिकांना नवे काही वाटत नाही. मुंबईचे सगळेच इथे पाणी मागायला येतात. फियाटने निदान हंडाभरावर भागवले.

उष्णतेच्या या परीक्षेत १९८०च्या सुमारास आलेली डिझेल ॲम्बॅसिडर उजवी ठरते. डिझेलची अशी वाफ होत नाही. पावसातही तीच उजवी, कारण डिझेल इंजिनाला ठिणगी लागत नाही. पेट्रोल गाडीच्या डिस्ट्रिब्युटरवर मोरीवरून वाहणारे पाणी उडाले की ठिणगी मरते आणि गाडी पाण्यातच बसते. मग टोपण काढून, सदऱ्याच्या आतल्या कोरड्या बाजूने पुसून, पुन्हा बसवावे लागते. जुलैमध्ये जव्हारला सदऱ्याची कोरडी बाजू सापडणे हाच मोठा भाग. डिझेल ॲम्बॅसिडर मात्र धुरासकट निघून जाते. तिची उणीव एवढीच, की १४८९ सीसीच्याच त्या इंजिनात घोडे सुमारे सदतीस. म्हणजे न तापता, न भिजता, न थांबता ती घाट चढते, पण कधी पोहोचेल हे विचारायचे नाही. फियाटचीही डिझेल आवृत्ती निघाली, १३६६ सीसीची. तिच्या आवाजात हा विषय बोलता येत नसे.

चढण्यापेक्षा उतरणे कठीण, आणि इथे दोन्ही गाड्या सारख्याच गरीब. बहुतेक आयुष्य दोघींना चारही चाकांना ड्रम ब्रेकच होते. सतत पाय दाबून घाट उतरले की ड्रम तापतात, लायनिंगची पकड सुटते आणि पेडल दाबूनही गाडी आपल्याच विचारात चालत राहते. म्हणून ज्या गिअरमध्ये चढतो त्याच गिअरमध्ये उतरायचे, हा जुन्या ड्रायव्हरांचा नियम. पेट्रोल वाचवायला काहीजण न्यूट्रल करून, वर चावीही बंद करून उतरत. फियाटच्या ॲव्हरेजचे जे थक्क करणारे आकडे सांगितले जात, त्यांतले काही असे मिळवलेले असत. त्यांना ॲव्हरेज म्हणण्यापेक्षा नशीब म्हणावे.

हँडब्रेकबद्दल जास्त लिहिण्यासारखे नाही. चढावर गाडी थांबली की मागच्या चाकामागे दगड ठेवणे ही दोन्ही गाड्यांची समान व्यवस्था होती. सह्याद्रीचा बेसॉल्ट त्यासाठी उत्तम, कारण तो टणक, जड आणि फुकट असतो. कुर्ल्याहून वा उत्तरपाड्याहून मागवावा न लागणारा हा एकमेव सुटा भाग. गाडी निघाल्यावर तो उचलून बाजूला टाकायचा असतो, आणि बहुतेक वेळा टाकला जात नाही. मागून येणाऱ्या गाडीच्या सस्पेन्शनची परीक्षा त्यावर होते. ॲम्बॅसिडरला पुढे टॉर्शन बार, फियाटला पुढे कॉइल स्प्रिंग आणि मागे दोघींना पाटे. ॲम्बॅसिडरची चाके पंधरा इंची, फियाटची चौदा. खड्ड्यात ॲम्बॅसिडर उतरते आणि वर येते. फियाट उतरते, वर येते आणि मडगार्डमधून आपले मत सांगते.

इंधनाच्या टाकीवरून मोठा वाद होई. ॲम्बॅसिडरची ५४ लिटरची आणि फियाटची ३८ची, म्हणून लांबच्या पल्ल्याला पहिलीच बरी, असे म्हणत. मोखाड्याहून खोडाळ्याकडे वळल्यावर पंपाचा भरवसा नसे, तेव्हा मुद्दा महत्त्वाचा. पण चांगल्या हातात फियाट लिटरला तेरा किलोमीटर देई आणि ॲम्बॅसिडर नऊ. गुणाकार केला तर ॲम्बॅसिडर एका टाकीत ४८६ किलोमीटर जाते आणि फियाट ४९४. पुन्हा बरोबरी. दोन देशांतल्या, दोन भाषा बोलणाऱ्या अभियंत्यांनी एकमेकांना न विचारता असे जुळवून आणावे आणि गिऱ्हाइकांनी त्यावर भांडावे, हा या दोन गाड्यांचा खरा इतिहास आहे.

एक परीक्षा अशी, की तिच्यात दोघींचा वेग मोजून शून्य भरतो. जव्हार-मोखाड्यातल्या कित्येक पाड्यांना गाडीरस्ता नव्हता, आणि काहींना तो अजूनही पुरता झालेला नाही. तिथून आजारी माणसाला किंवा अडलेल्या बाईला डांबरीपर्यंत आणायचे वाहन म्हणजे डोली. चादरीची झोळी, एक बांबू आणि खांदे बदलायला चार-सहा माणसे. ॲम्बॅसिडर पन्नास घोड्यांची असो की पंचाहत्तर, ती डांबरी संपते तिथे उभी राहते आणि साहेब तिथूनच हाताने दिशा दाखवतात. या वाहनाची तुलना कोणत्याही मोटार मासिकात आलेली नाही. दिवाळीनंतर भिवंडी-वसईकडच्या वीटभट्ट्यांवर निघणाऱ्या कुटुंबांच्या कामालाही या गाड्या कधी आल्या नाहीत. चूलभांडी, कोंबड्या आणि पोरे यांसकट माणसे ट्रकच्या हौद्यातच गेली.

ज्या वाहनाने हे दोन तालुके खरोखर चालवले, ते या वादात कधी बोलावलेच गेले नाही. महिंद्राने १९४७ पासून मुंबईत विलिस जीप जुळवायला घेतली. चारही चाकांना जोर देणारी, चिखलासाठी वेगळा खालचा गिअर असणारी आणि दिसायला डब्यासारखी. तिच्या लांब वंशजांना पुढे काळा-पिवळा रंग लागला, मागे समोरासमोर बाके आली आणि जव्हारच्या स्टँडबाहेर त्या ‘मोखाडा, मोखाडा’ ओरडू लागल्या. किती माणसे बसतात, याचे उत्तर कागदावर एक आणि तोरंगणच्या वाटेवर दुसरे. ड्रायव्हर अर्धा बाहेर, मागच्या पायरीवर तिघे आणि टपावर बाजाराचे सामान, अशा अवस्थेतल्या जीपला घोडे किती, हे विचारायचे कोणाच्या मनात आले नाही. भाडे किती, एवढेच विचारले गेले. २००० साली आलेली बोलेरो तर नाशिकला त्र्यंबक रस्त्यालगत सातपूरच्या कारखान्यात बनू लागली, म्हणजे मोखाड्याच्या घाटमाथ्यावरच म्हणायला हरकत नाही. ॲम्बॅसिडरचा कारखाना अर्धा देश ओलांडून होता. सुट्या भागांच्या बाबतीत यापुढे तुलना करण्यात अर्थ नव्हता.

दोघींचा शेवट वेगवेगळ्या तऱ्हेने झाला. फियाटचे उत्पादन शतक बदलता बदलता बंद पडले. मुंबईत टॅक्सी म्हणून शेवटची पद्मिनी ताडदेवच्या आरटीओत २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदवली गेली आणि टॅक्सीसाठी ठरलेली वीस वर्षांची मुदत पुरी करून २०२३च्या ऑक्टोबरमध्ये निवृत्त झाली. ॲम्बॅसिडरचे नाव २०१७ साली फ्रान्सच्या पूजो कंपनीने ८० कोटी रुपयांना विकत घेतले. गाडी त्यात नव्हती, नुसते नाव. त्याच वर्षी १ मेपासून टपावरचा लाल दिवाही गेला, आणि घाटात समोरून साहेब येत आहेत की लग्नाचे वऱ्हाड, हे ओळखायची खूण उरली नाही.

उरलेल्या गाड्यांसाठी केंद्र सरकारने २०२१ मध्ये नियम केले. पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षे उलटलेली आणि चासी, बॉडी वा इंजिन यांत फारसा बदल न झालेली गाडी ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदवता येते. नव्या नोंदणीची फी २०,००० रुपये आणि नूतनीकरणाची ५,०००. पहिल्या वर्षाच्या पद्मिनी २०२४ मध्ये या वयाला पोहोचल्या. अशी गाडी रोजच्या वापराला किंवा भाड्याने चालवता येत नाही. ती रस्त्यावर आणण्याची परवानगी आहे ती प्रदर्शनासाठी, तांत्रिक संशोधनासाठी, जुन्या गाड्यांच्या रॅलीसाठी, आणि इंधन भरणे व दुरुस्ती यांसाठी. यांतली शेवटची दोन कामे या दोन्ही गाड्या नियम होण्याच्या कितीतरी आधीपासून, बहुतेक वेळ, करत आल्या आहेत.